पाळण्याचा डबा आणि घाण्याचा बैल : सातवीच्या वर्गातल्या एका चुकीचा प्रकरण अभ्यास

शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात मी सातवीला गणित शिकवते. वर्गात ३४ मुलं. घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी गुजरी, कुणी भिली. पुस्तकातली मराठी सगळ्यांनाच थोडी परकी, आणि हे सुरुवातीलाच सांगते, कारण या प्रकरणात एका शब्दाने बराच घोळ घातला.

प्रकरण एकाच चुकीचं आहे. एक आकृती एका बिंदूभोवती वळवायची होती. अर्ध्याहून जास्त मुलांनी ती चुकीची काढली आणि सगळ्यांची चूक हुबेहूब सारखी होती. एकमेकांच्या वहीत बघून काढली असती तर निदान एकाच बाकावरच्या चुका जुळल्या असत्या. इथे पहिल्या बाकावरची मुलगी आणि खिडकीशी बसणारा मुलगा, ज्यांचं एकमेकांशी बोलणंही नाही, त्यांच्या वह्यांतली चित्रं एकावर एक ठेवली तर जुळतील अशी. इतक्या मुलांची चूक इतकी सारखी येते तेव्हा तिच्यामागे काहीतरी पक्कं शिकलेलं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र वाटलं, मुलांचं लक्ष नव्हतं.

हा पाठ मुळात घ्यायचा का ठरवला तेही सांगायला हवं. मी शिकवते त्या पाठ्यपुस्तकांत सहावीला सममिती आहे. कागद घडी घालायचा, दोन्ही बाजू जुळल्या की सममिती अक्ष सापडला. आठवीला त्रिकोणांची एकरूपता येते. तिथे आपण सहज बोलून जातो, ‘हा त्रिकोण उचलून त्याच्यावर ठेवला तर तंतोतंत बसतो.’ उचलून ठेवला म्हणजे नेमकं काय केलं? सरकवला, वळवला की पालथा घातला? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मुलाला त्या वेगळ्या दिसत नसतील तर कोणता कोन कोणत्या कोनाशी जुळतो हे तो अंदाजानेच लिहितो. आठवीच्या वह्या तपासताना ते दर वर्षी दिसतं. शिष्यवृत्तीच्या तयारीत आरशातली प्रतिमा आणि पाण्यातली प्रतिमा येतात खऱ्या, पण त्यांचं पाठांतर झालेलं असतं : आरशात डावं-उजवं बदलतं, पाण्यात वर-खाली बदलतं. का बदलतं, हे विचारलं की वर्ग शांत. म्हणून सातवीतच, डिसेंबरच्या शेवटी, चार तासिका काढून सरकवणं, वळवणं आणि पालथं घालणं हे तिन्ही हाताने करून घ्यायचं ठरवलं. चार तासिकांच्या नऊ झाल्या.

सरकवण्याला एक तासिका पुरली. ‘पाच घरं उजवीकडे सरकवा’ म्हटल्यावर काही मुलांनी मूळ आकृती आणि नवी आकृती यांच्यामध्ये पाच घरं मोकळी सोडली. हे मला अपेक्षित होतं. पपई आणि केळीच्या बागांतली ही मुलं. विचारलं, ‘पाच बाय पाचवर केळी लावायची म्हणजे पाच फूट कुठून कुठे मोजायचे? पानाच्या टोकापासून शेजारच्या पानाच्या टोकापर्यंत?’ सगळे हसले. खोडापासून खोडापर्यंत. मग आकृतीचं कुठलंही एक टोक हेच खोड धरायचं आणि त्याच टोकाच्या नव्या जागेपर्यंत मोजायचं. तिथे विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी वळवणं. माझ्या जुन्या टिपणांत त्यासाठी ‘परिभ्रमण’ असा शब्द होता. तोच मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला.

मग चौकटीच्या वहीत झेंडा काढायला दिला. मध्यावर एक ठळक बिंदू, त्याला नाव म. म पासून चार घरं उजवीकडे काठीचा बुंधा, तो क. तिथून काठी सरळ वर तीन घरं, तिचं टोक ख. फडकं उजवीकडे झुकलेलं त्रिकोणी, त्याचं टोक ग, म्हणजे म पासून सहा घरं उजवीकडे आणि दोन वर. आता हा झेंडा म भोवती, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, एक काटकोन फिरवा. मग अजून एक काटकोन. मग अजून एक.

बरोबर उत्तर असं येतं. एका काटकोनानंतर बुंधा म च्या थेट वर चार घरांवर येतो आणि काठी आडवी पडून डावीकडे तीन घरं जाते. दोन काटकोनांनंतर बुंधा डावीकडे चार घरांवर, आणि काठी खाली लोंबते. मुलांच्या वह्यांत बुंधा चारही वेळा योग्य जागी होता. उजवीकडे, वर, डावीकडे, खाली. मोजणी अचूक. पण काठी चारही ठिकाणी ताठ उभी होती आणि फडकं चारही ठिकाणी उजवीकडेच.

मी ती तासिका ‘अरे, झेंडा आडवा नको का व्हायला?’ असं म्हणत घालवली. मुलांनी माझं ऐकून झेंडे आडवे केले. दुसऱ्या दिवशी झेंड्याऐवजी मासा दिला आणि चारही मासे एकाच दिशेला तोंड करून पोहायला लागले. मी उत्तर दुरुस्त केलं होतं, मुलांच्या डोक्यातलं चित्र होतं तसंच राहिलं होतं.

वळवण्याच्या तिसऱ्या दिवशी मी शिकवणं थांबवलं आणि विचारायला लागले. एका मुलाला फळ्याशी बोलावलं. हा वर्गात फार बोलत नाही. त्याचे मामा सारंगखेड्याला राहतात आणि दत्तजयंतीच्या यात्रेत तो दर वर्षी तिथे जातो. एकमुखी दत्ताची ती यात्रा आणि तिथला घोड्यांचा बाजार आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. यात्रा त्या वेळी नुकतीच झालेली, त्यामुळे अर्ध्या वर्गाच्या डोळ्यांपुढे ती ताजी होती. मी विचारलं, ‘तू झेंडा उभाच का ठेवलास? तुझं काय म्हणणं आहे ते सांग. चूक-बरोबर नंतर बघू.’

तो म्हणाला, ‘मॅडम, पाळना फिरस, पन डबा उलटा व्हस नही. व्हयना ते मानसं खाले पडतीन.’

आकाशपाळणा फिरतो, पण डबा उलटा होत नाही. झाला तर माणसं खाली पडतील.

त्याने खडू घेतला आणि मोठं चक्र काढून त्यावर चार डबे काढले, चारही सरळ, प्रत्येकात एक माणूस बसलेला, डोकं वर. चित्र शंभर टक्के खरं होतं. आकाशपाळण्याचा डबा मध्याभोवती फेरी मारतो, पण वरच्या दांडीला टांगलेला असल्यामुळे स्वतः वळत नाही. गणिताच्या भाषेत तो डबा प्रत्येक क्षणी फक्त सरकत असतो, गोल वाटेने सरकतो इतकंच. मी ‘फिरवा’ म्हटलं आणि त्यांनी त्यांच्या माहितीतली सगळ्यात मोठी फिरणारी वस्तू वहीत उतरवली.

मला एवढ्यावर समाधान मानता आलं असतं. पण पहिल्या बाकावरच्या मुलीने भूगोलाचं पुस्तक उघडून दाखवलं आणि मी खरोखर थक्क झाले. ऋतूंची आकृती. मध्ये सूर्य, भोवती लंबगोल वाट, वाटेवर चार ठिकाणी पृथ्वी : २१ मार्च, २१ जून, २३ सप्टेंबर, २२ डिसेंबर. चारही ठिकाणी पृथ्वीचा आस एकाच बाजूला कललेला, साडेतेवीस अंश, कारण तो सतत ध्रुवताऱ्याकडे रोखलेला राहतो. तसा राहतो म्हणूनच ऋतू होतात. आणि त्या आकृतीखाली शब्द होता, परिभ्रमण.

‘तुम्ही फळ्यावर हेच लिहिलं होतं ना मॅडम?’ ती म्हणाली.

होय, हेच लिहिलं होतं. भूगोलात मुलं पाचवीपासून घोकतात : स्वतःभोवती फिरणं ते परिवलन, सूर्याभोवती फिरणं ते परिभ्रमण. मी ‘म भोवती परिभ्रमण’ म्हटलं, त्यांनी म ला सूर्य केलं, झेंड्याला पृथ्वी केलं आणि काठीचा आस चारही ठिकाणी एकाच दिशेला ठेवला. भूगोलाच्या सरांनी हे चित्र तपासलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. मुलांनी मी वापरलेल्या शब्दाचा अर्थ अगदी इमानदारीने पाळला होता. चूक शब्द निवडणारीची होती, आणि ते मी वर्गात तसंच सांगितलं. फळ्यावरचा शब्द पुसला. त्याच्या जागी ‘बिंदूभोवती वळवणे’ असं लिहिलं.

पण शब्द बदलल्याने डोक्यातलं चित्र बदलत नाही, हे माशांनी शिकवलं होतं. नुसतं ‘वळतं’ म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. वळावंच लागतं, दुसरा मार्गच नाही, हे हाताला जाणवायला हवं होतं.

चौथ्या दिवशी वर्ग मैदानात नेला. व्हॉलीबॉलचा खांब हा म. तीन फुटांची एक वेताची काठी घेतली. काठीच्या बुंध्याला चार फुटांची सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक खांबाच्या सैल कडीत अडकवलं. खांबाभोवती फक्कीने वर्तुळ आखलं. दोन मुलांनी काठीची दोन टोकं धरली आणि ‘पाळण्याच्या डब्यासारखे’ चालले. काठी सतत शाळेच्या फाटकाकडे रोखलेली. एक पूर्ण फेरी झाली, सुतळीने काहीही अडवलं नाही. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे त्यांचंच बरोबर होतं!

मग मी काठीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ख ला, दुसरी सुतळी बांधली. पाच फुटांची. तिचंही टोक त्याच खांबाला. तीन, चार, पाच, म्हणजे क पाशी काटकोन. झेंड्याची मापं मी मुद्दामच तशी घेतली होती.

आता पुन्हा चाला, म्हटलं. काठी फाटकाकडेच ठेवा.

पहिलं पाऊल टाकतायत तोवर पाच फुटांची सुतळी ताणली गेली. ख धरणारी मुलगी म्हणाली, ‘जात नाही मॅडम.’ ओढ, म्हटलं. तिने ओढलं तर क धरणारा मुलगा खांबाकडे खेचला गेला. काठी तशीच रोखून धरायची तर पाव फेरीपर्यंत ख चं खांबापासूनचं अंतर चार अधिक तीन, सात फूट व्हायला हवं, आणि सुतळी पाचच फुटांची. दोन मिनिटं त्यांची ओढाताण चालली. मग कुणी काही न सांगता त्यांनी काठीला सुतळ्या सांगतील तसं जाऊ दिलं. दोन्ही सुतळ्या ताठ राहिल्या आणि काठी चालता चालता आपोआप वळत गेली. पाव फेरीला ती आडवी होती. फाटकाकडे नाही, पाण्याच्या टाकीकडे रोखलेली.

मागून कुणीतरी ओरडलं, ‘घानाना बैल!’ आणि माझा पाळण्यावाला मुलगा म्हणाला, ‘घानाना बैल फिरस बी नी वळस बी.’

घाण्याचा बैल फिरतोही आणि वळतोही. त्याचा एक खांदा सतत लाटेकडे, म्हणजे घाण्याच्या मधल्या लाकडाकडे असतो, म्हणून पाव फेरीनंतर त्याचं तोंड पाव वळलेलं असतं. यातल्या फार थोड्या मुलांनी बैलाचा घाणा प्रत्यक्ष पाहिला असेल, पण म्हणीतून तो सगळ्यांच्या घरात आहे. त्या दिवसापासून आमच्या वर्गात दोन शब्द रूढ झाले. ‘पाळणा’ म्हणजे जागा बदलली, तोंड तेच. ‘बैल’ म्हणजे मध्याकडचा खांदा सुटला नाही.

वर्गात परतल्यावर वहीतले जुने झेंडे कर्कटकाने तपासायला सांगितलं. म पासून ख पर्यंतचं अंतर आधी पाच घरं. पाव फेरीनंतरच्या उभ्या झेंड्यात सात. सुतळी तुटली, झेंडा बाद. आडव्या झेंड्यात पुन्हा पाच. मुलं स्वतःच्या चुका स्वतः खोडत होती आणि मला आत कुठेतरी हायसं वाटत होतं.

तेवढ्यात खिडकीजवळून हात वर आला. ‘मॅडम, अर्ध्या फेरीचा माझा झेंडा उभाच आहे, तरी सुतळी पुरते.’

मी मोजलं. खरंच होतं. बुंधा म च्या डावीकडे चार घरं, काठी वर तीन घरं, आणि म पासून टोकापर्यंत बरोबर पाच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुतळीची कसोटी मी इतक्या विश्वासाने दिली होती आणि ती इथे चुकीच्या उत्तराला पास करत होती. मी त्याला सांगितलं की मला विचार करायला हवा, आणि सगळ्यांनीच विचार करू या.

दहा मिनिटं वर्ग गजबजला. उत्तर दोन बाजूंनी आलं. एका गटाने कोनमापक लावला. ख पासून म पर्यंत आणि तिथून नव्या ख पर्यंत कोन मोजला तर तो साधारण १०६ अंश भरला. बुंधा मात्र १८० अंश फिरला होता. एकाच काठीची दोन टोकं वेगवेगळ्या कोनांतून कशी फिरतील? म्हणजे सुतळी पुरली तरी कोन पुरला नाही. इथे मुलांच्याच तोंडून ती गोष्ट आली जी मी पहिल्या दिवशी व्याख्या म्हणून लिहून देणार होते : आकृतीचा प्रत्येक बिंदू मध्यापासून आपलं अंतर राखतो आणि प्रत्येक बिंदू तेवढ्याच कोनातून फिरतो. यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे त्या खिडकीजवळच्या मुलामुळे माझ्याही मनात पक्कं झालं.

दुसरी बाजू एका मुलीने काढली. ती म्हणाली, आधी म पासून बुंध्याकडे चालत गेलं की काठीचं टोक डाव्या हाताला येतं. याच्या चित्रात म पासून बुंध्याकडे गेलं की टोक उजव्या हाताला येतं. ‘हे वळवलेलं नाही मॅडम, हे आरशातलं आहे.’ काठीपुरतं पाहिलं तर अगदी खरं. म मधून उभा आरसा धरला असता तर काठी नेमकी तिथेच दिसली असती. पालथं घालण्याचा पाठ अजून दोन दिवस लांब होता, तो तिने तिथेच सुरू करून टाकला.

पाचव्या दिवशी मिठाईच्या दुकानातून बटर पेपर आणला. वहीवर ठेवायचा, झेंडा आणि म गिरवायचा, म वर टाचणी टोचायची, कागद वळवायचा. बरेच शिक्षक इथूनच सुरुवात करतात. मीही पुढच्या वर्षी बटर पेपर आधी घ्यावा का, असा विचार केला, पण नको. कागद आपोआप बरोबर वळतो. त्यात मुलाला कुठे अडायला होत नाही, आणि पाळण्याचं चित्र आत तसंच शाबूत राहतं. सुतळीने ओढल्यावर जे कळलं ते कागदाने कळलं नसतं. सुतळीनंतर मात्र बटर पेपर फार कामाचा, कारण त्यामुळे टाचणी कुठेही टोचता येते. मी टाचणी एकदा म वर, एकदा काठीच्या बुंध्यावर, एकदा फडक्याच्या टोकावर टोचून प्रत्येक वेळी एक काटकोन वळवायला लावलं. तीन झेंडे तीन ठिकाणी आले. पण तिघांच्या काठ्या एकाच दिशेला! वळण तेच, जागा वेगळी.

यावर पाळण्यावाला मुलगा बराच वेळ बघत बसला. मग त्याने जे म्हटलं ते मराठीत असं : आधी झेंडा पाळण्यासारखा वर न्यायचा, उभाच्या उभा. तिथे पोचल्यावर बुंध्यावर टाचणी टोचून जागच्या जागी एक काटकोन वळवायचा. म भोवती बैलासारखा फिरवला तर जो झेंडा येतो तोच येतो.

आम्ही करून पाहिलं. येतो. आणि नेहमीच येतो, कुठल्याही कोनाला येतो. बाहेरच्या बिंदूभोवतीचं वळवणं म्हणजे एक सरकवणं आणि तेवढ्याच कोनाचं जागच्या जागी वळवणं. हे गणितातलं पक्कं विधान आहे आणि मी ते शिकवायचं योजलंही नव्हतं. पहिल्या दिवशी ज्या चित्रावर मी लाल काट मारली होती, ते चित्र या विधानाचा पहिला अर्धा भाग होता. मुलं अर्ध्या वाटेवर थांबली होती, वाट चुकली नव्हती.

मग भूगोलाचे शब्दही परत आणता आले. पाळण्यासारखं नेणं ते परिभ्रमण, जागच्या जागी वळणं ते परिवलन, आणि दोन्ही सारख्या कोनाने झाली की गणितातलं बिंदूभोवती वळवणं. भूगोलाच्या सरांना मी वर्गात बोलावलं. त्यांना ही जोडणी फार आवडली आणि त्यांनी लगेच चंद्र काढला. चंद्राला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला सुमारे २७.३ दिवस लागतात आणि स्वतःभोवती वळायलाही तेवढेच. म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. ‘म्हणजे चंद्र बैल आहे,’ वर्ग एका सुरात म्हणाला. सर म्हणाले, चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही असं मुलं दर वर्षी लिहितात, कारण एकच बाजू दिसते. या वर्षी त्यांना ती सुतळी हवी होती, ती मी त्यांना दिली.

या पाठात एक तासिका मी हौसेने घेतली, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या खान्देशातच, चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापला, त्याची ही नोंद. आठशे वर्षांपूर्वी आपल्या भागात गणित शिकवायला जागा मिळाली होती, हे मुलांना सांगताना मला आजही भरून येतं. भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेली एक आकृती आहे : कर्णावरचा चौरस, त्यात चार सारखे काटकोन त्रिकोण आणि मधोमध एक छोटा चौरस. आमच्या झेंड्याच्या मापांनी ती पुठ्ठ्यावर कापली. प्रत्येक त्रिकोणाच्या बाजू तीन, चार, पाच. त्रिकोणाचं क्षेत्रफळ सहा, चार त्रिकोणांचं चोवीस, मधला चौरस एक घराचा, मिळून पंचवीस. आता अट घातली : तुकडे फक्त सरकवायचे, वळवायचे नाहीत, पालथे घालायचे नाहीत. समोरासमोरचे दोन त्रिकोण सरकवून जोडले की आयत होतो. असे दोन आयत, एक उभा आणि एक आडवा. ते शेजारी शेजारी ठेवून एक घराचा चौरस खाचेत बसवला की चारचा चौरस आणि त्याला लागून तीनचा चौरस दिसतो. सोळा आणि नऊ. पायथागोरसचा सिद्धांत एकही तुकडा न वळवता, नुसता सरकवून. मुलांनी पुठ्ठे घरी नेले.

पालथं घालण्याबद्दल थोडक्यात. उभा किंवा आडवा अक्ष असेल तर मुलांना जमतं. अक्ष तिरका झाला की बरीच मुलं आकृती सरळ आडवीच पलीकडे नेतात, अक्षाला काटकोनात नेत नाहीत. कागद तिरक्या रेषेवर घडी घालून टाचणीने बिंदू टोचायला लावले, भोकं जुळवली, मूळ भोक आणि प्रतिमेचं भोक जोडणारी रेषा अक्षाला काटकोनात जाते हे गुण्याने तपासलं. तरी फेब्रुवारीत पुन्हा घेतलेल्या चाचणीत तिरक्या अक्षाने काहींना चकवलंच. वळवण्याचा प्रश्न मात्र बहुतेकांना आला. ज्यांना आला नाही त्यांत ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेली आणि जानेवारीच्या शेवटी परतलेली तीन मुलं होती. त्यांच्यासाठी मैदानातली तासिका पुन्हा घेतली. या वेळी सुतळ्या मी बांधल्या नाहीत, पाळण्यावाल्याने बांधल्या.

डावं-उजवं पक्कं व्हावं म्हणून शेवटच्या दिवशी वर्गाबाहेरच्या चपला आत आणल्या होत्या. डाव्या पायाची चप्पल फरशीवर ठेवून हवी तेवढी सरकवा, हवी तेवढी वळवा, ती उजव्या पायाची होते का? कितीही वळवली तरी होईना. मग पुठ्ठ्यावर चपलेचा तळ गिरवून कापला. तो वळवून होईना, पण उचलून पालथा घातला की झटक्यात उजव्या पायाचा तळ झाला. सरकवणं आणि वळवणं एका बाजूला, पालथं घालणं दुसऱ्या बाजूला, हे इथे मुलांना स्वच्छ दिसलं.

तासिका संपल्याची घंटा झाल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी हातात खरी चप्पल घेऊन थांबली. तिने ती पालथी घातली, उभी धरली, पुन्हा सरळ केली. ‘पुठ्ठा पालथा घातला तर डाव्याचा उजवा झाला. ही पालथी घातली तरी डावीच राहते. हिला कुठे पालथी घालायची, मॅडम?’

मी तिला सांगितलं की पुठ्ठ्याला पालथं घालायला फरशी सोडून वरची जागा लागली. फरशीला चिकटून राहिला असता तर तोही जन्मभर डावाच राहिला असता. चपलेला तशी पालथी घालायची तर आपण उभे आहोत त्या जागेबाहेरची आणखी एक दिशा लागेल. तिने छताकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं, आणि चप्पल पायात घालून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न तिचाच होता : ‘ती दिशा वहीत काढता येते का?’